अवकाशप्रवासातली टेलोमिअर-वाढ

माणूस अवकाशात असताना त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमची (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांची) टोकं, सरासरीने लांब भरतात आणि जमिनीवर परतल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा आखूड होतात, या निरीक्षणाची ही नोंद. त्याची पहिली सविस्तर मांडणी नासाच्या ट्विन्स स्टडीत, २०१९ साली झाली. कॅन्सर जीनोमिक्स आणि अवकाशजीवशास्त्र ही एरवी लांबलांबची क्षेत्रं इथे चांगलीच एकमेकांत गुंतली आहेत. अशी वाढ मोजणीत दिसते यावर आता फारसं दुमत नाही, भांडण आहे ते कारणावर. अवकाशात माणूस तरुण होतो असं जे सगळीकडे छापून आलं त्याला आधार नाही.

पूर्वपीठिका : टेलोमिअर पहिल्यांदा कोणी ओळखले यावर संदर्भग्रंथ थोडे इकडेतिकडे होतात. हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर एक्स-रे मारून क्रोमोसोमची तुटकी टोकं आणि मूळची टोकं वेगळी वागतात हे पाहिलं आणि १९३८ मध्ये हे नाव दिलं. साधारण त्याच काळात बार्बरा मॅक्लिंटॉक मक्यावर काम करत होत्या. तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना ताणली जाऊन परत तुटतात आणि हे चक्र चालूच राहतं, ही मांडणी त्यांची, आणि ती साधारण १९४१ पर्यंत पूर्ण झाली असं धरतात. नाव मुलर यांचं असलं तरी यंत्रणा समजावण्याचं श्रेय मॅक्लिंटॉक यांच्याकडे जास्त जातं असं दिसतं. दोघांच्याही कामात क्रोमोसोम तोडायला एक्स-रे होते, म्हणजे रेडिएशन आणि टेलोमिअर यांचं नातं अवकाशयुगाच्याही आधीचं आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात टोकांचा पुन्हा पुन्हा येणारा क्रम वाचला, कॅरल ग्रायडर यांना १९८४ च्या ख्रिसमसला टेलोमरेज या टोकं पुन्हा वाढवणाऱ्या एन्झाइमची खूण मिळाली, आणि ब्लॅकबर्न, ग्रायडर, जॅक शॉस्टॅक यांना २००९ चं नोबेल. माणसात हा क्रम टीटीएजीजीजी असा आहे. साध्या पेशीत दर विभाजनाला टोकातली डीएनएची साधारण ५० ते २०० अक्षरं गळतात. कॅन्सरच्या पेशी ही गळती थांबवल्याशिवाय टिकूच शकत नाहीत. साधारण ८५ ते ९० टक्के ट्यूमर त्यासाठी टेलोमरेज परत चालू करतात, उरलेल्यांपैकी बरेचसे एएलटी नावाची आडवाट धरतात, म्हणजे एका क्रोमोसोमचं टोक दुसऱ्यावरून कॉपी करून वाढवायचं. हे दोन मार्ग लक्षात ठेवावेत, खालचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो.

ट्विन्स स्टडी : स्कॉट केली मार्च २०१५ ते मार्च २०१६ असे ३४० दिवस अंतराळ स्थानकावर होते, त्यांचे जुळे भाऊ मार्क (तेही माजी अंतराळवीर, पण एकूण मुक्काम फक्त ५४ दिवसांचा) जमिनीवर. दहा टीम, एक प्रवासी, एक तुलनेला. पेपरच्या पहिल्या लेखिका फ्रान्सिन गॅरेट-बेकेलमन मुळात ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, काम करणाऱ्या डॉक्टर, आणि जीनोमिक्सची बाजू सांभाळणारे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलचे ख्रिस्तोफर मेसन हेही त्याच गोतावळ्यातले. या मंडळींनी २०१६ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियात डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जीन चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा) आणि म्युटेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतले बदल, एकाच तालात न बदलता आपापल्या वाटेने बदलतात असं दाखवलं होतं. एका माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा काढून त्यात काय सरकतंय ते बघायचं, ही पद्धत ल्युकेमियाच्या वॉर्डातली, ती तशीच्या तशी अवकाशात नेली गेली.

टेलोमिअरचा भाग कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या सुझन बेली यांच्याकडे होता. रेडिएशन, ताण, झोपेचे वांधे या सगळ्यामुळे टोकं आखूड होतील अशी त्यांची अपेक्षा होती आणि निघालं नेमकं उलटं. उड्डाणाच्या काळात स्कॉट यांचे टेलोमिअर लांब भरले, मार्क यांचे जवळपास स्थिर राहिले, आणि स्कॉट उतरल्यावर साधारण ४८ तासांत लांबी खाली आली. सरासरी बऱ्यापैकी जागेवर आली खरी, पण अतिआखूड टेलोमिअरचं प्रमाण उड्डाणाआधीपेक्षा जास्त राहिलं, आणि हा भाग बातम्यांत फारसा आलाच नाही. तसं बातम्यांचं या स्टडीशी कधी जमलंच नाही, २०१८ मध्ये तर स्कॉट यांचा ७ टक्के डीएनए बदलला असं सगळीकडे पसरलं आणि नासाला खुलासा करावा लागला की तो आकडा जीन किती चालू-बंद होतात त्याचा आहे, डीएनएच्या अक्षरांचा नाही.

मोजणीची अडचण : वादाचं मूळ बरंचसं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. टेलोमिअर मोजायच्या दोन पद्धती वापरल्या गेल्या. पहिली क्यूपीसीआर, त्यात सगळ्या पेशींचा डीएनए एकत्र करून एकच सरासरी मिळते, आणि गोठवलेलं सॅम्पलही चालतं. दुसरी फिश, त्यात चमकणारा प्रोब लावून एकेका क्रोमोसोमचं टोक मायक्रोस्कोपखाली बघतात, पण त्याला जिवंत पेशी लागतात आणि त्या लॅबमध्ये विभाजनाला लावाव्या लागतात. विभाजनाला लावायचं रसायन मुख्यतः टी पेशींवर (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चालतं, त्यामुळे फिशचा आकडा हा बव्हंशी टी पेशींचा आकडा असतो. जिवंत पेशी स्थानकावरून आणायच्या तर रक्त परतीचं सोयूझ यान निघायच्या अगदी तोंडावर काढायचं, ट्यूब यानात चढवायची, कझाकस्तानात उतरवायची आणि तिथून विमानाने ह्यूस्टन, यात दीड-दोन दिवस जातात. म्हणून उड्डाणातले असे पॉइंट मोजकेच आहेत. टेलोमरेज तर फारच नाजूक, एवढ्या प्रवासात त्याची ॲक्टिव्हिटी टिकत नाही, म्हणजे ज्या एन्झाइमवर पहिला संशय जायचा त्याचीच उड्डाणातली साक्ष मिळाली नाही.

कारणमीमांसा : तीन मतं आहेत. पहिलं टेलोमरेजचं. माणसातला थेट पुरावा वर सांगितलेल्या कारणाने नाही, वनस्पतीत मात्र आहे. टेक्सास ए अँड एमच्या डोरोथी शिपेन यांच्या गटाने स्थानकावर वाढवलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांवर २०२३ मध्ये काम छापलं, त्यात टेलोमरेजची ॲक्टिव्हिटी जमिनीवरच्या रोपांपेक्षा कितीतरी पट, जास्तीत जास्त दीडशे पटीच्या आसपास वाढलेली, आणि टेलोमिअरची लांबी मात्र जशीच्या तशी. म्हणजे एन्झाइम वाढलं की टोक वाढलंच असं समीकरण निदान झाडात तरी बसत नाही.

दुसरं मत एएलटीचं, आणि बेली यांच्या गटाचा कल बराचसा इकडे आहे. २०२० मध्ये त्यांनी आणखी काही अंतराळवीरांचे निकाल दिले, त्यातही उड्डाणात लांब आणि नंतर आखूड हाच नमुना, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंमुळे पेशीवर येणाऱ्या ताणाच्या, खुणांशी त्याचा संबंध दिसतो असं म्हटलं. मग टेराकडे लक्ष गेलं, म्हणजे टेलोमिअरवरूनच तयार होणाऱ्या आरएनएकडे. २०२४ च्या पेपरनुसार अवकाशप्रवासात टेरा वाढतो आणि एव्हरेस्ट चढणाऱ्यांतही वाढतो. जखमी टेलोमिअरवर टेरा चिकटून दुरुस्तीला मदत करतो आणि ती दुरुस्ती एएलटीसारख्या मार्गाने होत असावी, अशी ही साखळी आहे. एव्हरेस्टचं उदाहरण मोलाचं आहे कारण तिथे वजनरहित अवस्था नाही आणि रेडिएशनही कक्षेच्या मानाने किरकोळ, म्हणजे ताण हा समान धागा उरतो. पण निरोगी माणसाच्या साध्या रक्तपेशींत एएलटी तात्पुरतं चालू होऊन गुपचूप बंद होतं हे मान्य करणं बऱ्याच जणांना जड जातं.

तिसरं मत पेशींच्या मिश्रणाचं. रक्तात सगळ्या पेशी सारख्या नसतात, नव्या 'नाइव्ह' टी पेशींचे टेलोमिअर लांब, जुन्या मेमरी पेशींचे आखूड. अवकाशात शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात, स्ट्रेस हार्मोन बदलतात, उतरताना तर ते उसळतातच, आणि कोणत्या पेशी रक्तात फिरणार नि कोणत्या ऊतकांत जाऊन बसणार हे त्यावर ठरतं. रांगेत चार उंच पोरं येऊन उभी राहिली की रांगेची सरासरी उंची वाढते, वाढलेलं कोणीच नसतं, तसं हे. वेळेचा हिशेब या मताच्या बाजूने आहे. सप्टेंबर २०२१ च्या इन्स्पिरेशन-४ मोहिमेत चार बिगर-सरकारी प्रवासी जेमतेम तीन दिवस कक्षेत होते आणि चौघांचेही टेलोमिअर लांब भरले. तीन दिवसांत एवढ्या पेशींची टोकं खरोखर बांधून होणं अवघड, आणि दर विभाजनाला ५० ते २०० अक्षरं या वेगाने ४८ तासांत ती झिजणं त्याहून अवघड. पेशींची अदलाबदल मात्र काही तासांतही होते. प्रस्तुत नोंदीत या मताला थोडं झुकतं माप आहे, फक्त उतरल्यानंतर महिनोन्‌महिने राहणाऱ्या अतिआखूड टोकांचा उलगडा एवढ्याने होत नाही, तिथे खरं नुकसान मानावंच लागतं.

 इन्स्पिरेशन-४ चा डेटा जून २०२४ मध्ये सोमा या मोठ्या संग्रहातून खुला झाला.

कॅन्सरशी संबंध : लांब टेलोमिअर म्हणजे चांगलं हा समज कॅन्सरच्या बाजूने पाहिला की टिकत नाही. आनुवंशिकतेने लांब टेलोमिअर मिळालेल्यांत मेलॅनोमा, फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, ग्लायोमा अशा काही कॅन्सरचा धोका जास्त असतो, आणि टेलोमिअर सांभाळणाऱ्या पीओटी१ जीनमध्ये बिघाड असलेल्या घराण्यांत लांब टेलोमिअरबरोबर रक्तातले म्युटेशनवाले क्लोनही (एकाच पेशीपासून झालेले समूह) जास्त दिसतात असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. अर्थात हे जन्मभराच्या लांबीचं झालं, काही महिन्यांच्या फुगवट्याला ते लावता येत नाही. अवकाशवीरांच्या बाबतीत जास्त काळजी क्रोमोसोममधल्या उलटापालटीची, म्हणजे इन्व्हर्जनची आहे. एखादा तुकडा तुटून उलटा बसतो, हे रेडिएशनचं ओळखीचं लक्षण, स्कॉट यांच्यात ते उड्डाणात वाढलं आणि परतल्यावरही टिकलं. नासाची संपूर्ण करिअरची रेडिएशन-मर्यादा आता सरसकट ६०० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) आहे, आणि स्थानकावरचा दिवस ढोबळमानाने अर्धा ते एक मिलिसिव्हर्टचा.

क्लोनल हिमॅटोपोएसिस, म्हणजे म्युटेशन झालेल्या एका रक्तपेशीची पिलावळ वाढत जाणं, यावर दोन कामं आहेत. १९९८ ते २००१ मधल्या शटल मोहिमांच्या १४ अंतराळवीरांचं जपून ठेवलेलं रक्त वीसेक वर्षांनी तपासलं तेव्हा १७ जीनमध्ये ३४ म्युटेशन सापडली, जास्त करून टीपी५३ आणि डीएनएमटी३ए मध्ये, पण त्यांचं रक्तातलं प्रमाण क्लोन धरण्याच्या नेहमीच्या २ टक्क्यांच्या उंबरठ्याखालीच. दुसरं काम केली बंधूंवरचंच. एकात टीईटी२ चा क्लोन, दुसऱ्यात डीएनएमटी३ए ची दोन म्युटेशन, आणि दोन्ही अपेक्षित वयाच्या जवळपास दोन दशकं आधी. क्लोनच्या आकारातली हलचलही तुलनेला घेतलेल्या रेडिओथेरपीच्या पेशंटपेक्षा जास्त होती. मात्र दोघंही भाऊ अवकाशात जाऊन आलेले असल्याने क्लोनच्या बाबतीत मार्क यांना जमिनीवरचा कोरा नमुना धरता येत नाही, आणि हे टेलोमिअर-वाढीचे निकाल वाचतानाही ध्यानात ठेवावं लागतं.