गंजावर श्वास घेणारे जिवाणू

मातीत पाणी साचले की तिच्या छिद्रांतील हवा बाहेर पडते आणि उरलासुरला ऑक्सिजन तेथील सूक्ष्मजीव थोड्याच काळात संपवून टाकतात. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरत असल्यामुळे ही तूट वरून भरून निघत नाही. तरीही अशा चिखलात पालापाचोळा आणि मेलेली मुळे कुजतच राहतात, कारण कुजण्यासाठी ऑक्सिजनच हवा असतो असे नाही. श्वसन म्हणजे मुळात अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या स्वाधीन करणे, आणि ते घ्यायला पाणथळ मातीत एक पदार्थ भरपूर असतो: लोहाचा गंज.

ऑक्सिजन नसला की सूक्ष्मजीव साधारणपणे आधी नायट्रेटकडे, मग मँगनीजकडे, त्यानंतर लोहाकडे, पुढे सल्फेटकडे आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइडकडे वळतात. प्रत्येक पायरीवर हाती लागणारी ऊर्जा कमी होत जाते. नायट्रेट आणि मँगनीज मातीत बेताचेच असतात. लोह मात्र भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के आहे. म्हणून अनेक पाणथळ मातींत कुजण्याचा मोठा भार त्याच्यावरच येतो. मातीला पिवळा-तांबडा रंग देणारे फेरिक लोह एक इलेक्ट्रॉन स्वीकारून फेरस होते. फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, फेरस बरेच विरघळते, आणि त्यामुळे तांबडेपणा निघून जाऊन माती करडी किंवा निळसर दिसू लागते. मृदाशास्त्रज्ञ भर उन्हाळ्यातही खड्डा खणून करड्या थरातील गंजाचे ठिपके पाहतात आणि तेथे पाणी कुठवर चढत असावे याचा अंदाज बांधतात.

हा बदल बराच काळ निव्वळ रासायनिक मानला जात होता: सूक्ष्मजीव ऑक्सिजन संपवतात, पुढचे आपोआप घडते, अशी समजूत होती. १९८७ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून मिळालेल्या एका जिवाणूचे वर्णन केले. ॲसिटेट या लहानशा सेंद्रिय रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण करून त्यातील इलेक्ट्रॉन लोहाला देणे, हेच त्याचे जगण्याचे साधन होते. पुढे त्याला जिओबॅक्टर मेटॅलिरेड्युसेन्स हे नाव मिळाले. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवराच्या गाळातून शेवानेला हा दुसरा प्रसिद्ध जिवाणू पुढे आला. ॲसिटेटच्या एका रेणूतून आठ इलेक्ट्रॉन निघतात आणि लोहाचा प्रत्येक अणू एकच घेतो. म्हणजे एका लहानशा रेणूमागे लोहाचे आठ अणू खर्ची पडतात.

खरी अडचण वेगळीच आहे. ऑक्सिजन विरघळून पेशीत शिरतो, गंजाचा कण शिरू शकत नाही. त्यामुळे या जिवाणूंना इलेक्ट्रॉन पेशीबाहेर नेऊन द्यावे लागतात, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने पेशीच्या आतून बाह्य आवरणापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचवतात. जिओबॅक्टर त्याही पुढे जाऊन वीज वाहून नेणारे सूक्ष्म तंतू पेशीबाहेर पसरतो. हे तंतू पिलिन या साध्या प्रथिनाचे असावेत असे २००५ साली मांडले गेले. २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सायटोक्रोमच एकापुढे एक जोडले जाऊन बनलेले तंतू दिसले, आणि या दोन्हींपैकी कोणाचे काम किती यावर अजून वाद आहे. शेवानेला फ्लॅविनचे रेणू बाहेर सोडतो. हे रेणू इलेक्ट्रॉन घेऊन जातात, लोहावर उतरवतात आणि पैलतीरी उतारू सोडून परतणाऱ्या नावेप्रमाणे पुन्हा नवे घ्यायला येतात. मातीतील ह्यूमसही हेच काम करू शकतो, हे १९९६ साली दाखवले गेले.

लाकूड किंवा पान थेट फोडणे मात्र या जिवाणूंच्या आवाक्यातले नाही. सेल्युलोजचे तुकडे करून त्यांपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन तयार करणारे किण्वक सूक्ष्मजीव आधी राबतात, आणि या तयार मालावर लोहक्षपण करणारे, म्हणजे लोहाला इलेक्ट्रॉन देणारे, जिवाणू जगतात. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही हाच माल हवा असतो. जोवर सहज वापरता येईल असा गंज शिल्लक आहे तोवर लोहवाल्यांची सरशी होते आणि मिथेन कमी निघतो.

गंज विरघळला की त्याला चिकटून असलेले पदार्थही सुटतात. फॉस्फरस सुटला तर तो पाणवनस्पतींच्या उपयोगी पडतो. आर्सेनिक सुटले तर ते भूजलात उतरते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील विहिरींचे पाणी विषारी होण्यामागे गाळातील लोहक्षपण हे एक प्रमुख कारण मानले जाते. सेंद्रिय पदार्थांचेही तसेच आहे. गंजाच्या कणांना घट्ट बिलगलेले सेंद्रिय रेणू सूक्ष्मजीवांच्या हाती सहसा लागत नाहीत, म्हणून लोह हे मातीतील कार्बनचे राखणदार समजले जाते. पण माती बुडाली की जिवाणू हा राखणदारच विरघळवतात आणि कार्बन उघडा पडतो.

पाणी ओसरल्यावर हवेतील ऑक्सिजन फेरस लोहाचा पुन्हा गंज करतो आणि तोच साठा पुढच्या खेपेला वापरता येतो. समुद्रतळाच्या काही गाळांत लोहाचा एकेक अणू कायमचा गाडला जाण्यापूर्वी शंभराहून अधिक वेळा या फेऱ्यातून जातो, असा हिशेब मांडला गेला आहे. नव्याने बनलेला गंज काही सेंद्रिय रेणूंना पुन्हा बांधून घेतो, परंतु फेरस लोह आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय आक्रमक कणही निर्माण होतात आणि ते जवळचे सेंद्रिय रेणू तोडतात. त्यामुळे आलटून पालटून भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या मातीत कार्बन साठतो की उडून जातो, हे केवळ लोहाच्या एकूण प्रमाणावरून सांगता येत नाही. माती किती वेळा भिजते, किती काळ बुडून राहते आणि तिच्यात ताजा पालापाचोळा किती पडतो, हेही मोजावे लागते.