मालक कोसळतो तेव्हा कुत्र्याला काय कळते?

मालक घरात एकटा असताना अचानक कोसळला, त्याच्या कुत्र्याने भुंकून भुंकून शेजाऱ्यांना गोळा केले आणि मालकाचे प्राण वाचले, अशा आशयाची बातमी दर काही महिन्यांनी कुठून ना कुठून येतेच. ती वाचून डोळे पाणावणे स्वाभाविक आहे. मात्र अशा बातमीवर ‘कुत्र्याला सगळे कळते’ इथपासून ‘त्याला सहावे इंद्रिय असते, मृत्यू आधीच दिसतो’ इथपर्यंत जी मते व्यक्त होतात, त्यांच्यामुळे खरी आणि कितीतरी अधिक थक्क करणारी गोष्ट झाकली जाते. शिवाय, ज्या घरांत मालक कोसळल्यावर कुत्रा त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला किंवा घाबरून पलंगाखाली शिरला, त्या घरांची बातमी होत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर बातम्यांवरून काढता येत नाही, त्यासाठी प्रयोगच करावे लागतात.

असा एक प्रयोग कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील क्रिस्टा मॅकफर्सन आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी केला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध केला. मोकळ्या मैदानात मालकाने हृदयविकाराचा झटका आल्याचे नाटक करून खाली पडायचे आणि जवळच बसलेल्या अनोळखी माणसाकडे कुत्रा मदतीसाठी जातो का ते पाहायचे, अशी त्याची रचना होती. दुसऱ्या प्रयोगात मालक पुस्तकांच्या कपाटाखाली अडकल्याचा देखावा केला होता आणि मदत करू शकणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत होती. कुत्रे मालकाजवळ घुटमळले, त्यांनी त्याला हुंगले, काही इकडेतिकडे भटकले. पण मदत मागायला जाण्याचे वर्तन त्यांच्यात आढळले नाही. निष्कर्ष सरळ होता: आपत्ती ओळखून तिसऱ्या माणसाला बोलावून आणण्याची समज कुत्र्यांत दिसत नाही.

या निष्कर्षावर अनेक श्वानप्रेमी नाराज झाले, आणि त्यांच्या नाराजीत थोडे तथ्यही होते. मदत करण्याची इच्छा असणे आणि मदत कशी करायची हे ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नेमका हाच धागा पकडला. मालक एका मोठ्या खोक्यात बसून मदतीसाठी हाका मारत होता आणि खोक्याचे हलके दार कुत्र्याला सरकवता येण्याजोगे होते. 60 पैकी 20 कुत्र्यांनी मालकाची सुटका केली. एक तृतीयांश हे प्रमाण निराशाजनक वाटेल. परंतु त्याच खोक्यात डोळ्यांदेखत खाऊ ठेवला तेव्हाही तो केवळ 19 कुत्र्यांनाच मिळवता आला. ज्यांना दार उघडण्याची युक्ती साधली त्या 19 पैकी 16 जणांनी मालकालाही सोडवले. म्हणजे बहुतेकांना अडवत होते ते दार. मालकाविषयीची आस्था कमी पडली, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

तरीही या प्रयोगांतील एक उणीव मला फार महत्त्वाची वाटते. मालक नाटक करत होता. झटक्याचा अभिनय डोळ्यांना आणि कानांना फसवू शकतो, पण अभिनय करणाऱ्याचे शरीर आतून बदललेले नसते. त्याच्या घामाला आणि श्वासाला संकटाचा वास येत नाही. कुत्र्याच्या दृष्टीने पाहता ही मोठीच तफावत आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये हे सुंदर रीतीने दाखवले. त्यांनी 36 व्यक्तींना वेळेच्या दडपणाखाली अवघड तोंडी हिशेब करायला लावले. मानेवरून फिरवलेल्या कापडाच्या तुकड्यावरचा घाम आणि त्यावर सोडलेला श्वास असे नमुने हिशेबाच्या आधी आणि नंतर घेतले. चार प्रशिक्षित कुत्र्यांनी 720 चाचण्यांपैकी 93.75 टक्के चाचण्यांत ताणाखालचा नमुना अचूक निवडला. दोन्ही नमुने त्याच माणसाचे होते आणि त्यांच्यात काही मिनिटांचेच अंतर होते.

हे कसे शक्य होते, हे समजण्यासाठी त्या नाकाच्या आत शिरले पाहिजे. आपल्याकडे सुमारे 400 प्रकारचे कार्यक्षम गंधग्राही, म्हणजे वासाचे रेणू टिपणारे घटक, असतात आणि कुत्र्याकडे सुमारे 800. पण केवळ संख्येने हे कोडे सुटत नाही. खरी करामत हवेच्या वाटेची आहे. माणसाच्या नाकात श्वासाची आणि वासाची वाट जवळजवळ एकच असते. हवा गंधपटलाला, म्हणजे वास टिपणाऱ्या अस्तराला, ओझरता स्पर्श करून जाते आणि उच्छ्वासाबरोबर तो वास धुऊन निघतो. कुत्र्याच्या नाकात आत गेलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह फुप्फुसाकडे वळतो. सुमारे आठवा हिस्सा मात्र नासापोकळीच्या छताजवळच्या अरुंद मार्गाने वेगाने थेट मागच्या बाजूला असलेल्या एका कप्प्यात पोहोचतो. या कप्प्यात कागदासारख्या पातळ हाडांच्या असंख्य वळ्या असतात आणि त्यांच्यावर गंधपटल पसरलेले असते. कप्प्याला मागून वाट नसल्यामुळे हवा त्या वळ्यांमधून संथपणे मागून पुढे फिरते. कुत्रा श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणारी हवा या कप्प्याला वळसा घालून जाते, त्यामुळे आत साठलेला वास तिथेच राहतो आणि पुढच्या हुंगण्यात त्यात भर पडते. हुंगणे एका सेकंदात साधारण पाच वेळा घडते. उच्छ्वासाची हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून मागच्या दिशेने निघते, म्हणून समोरचा वास उडवला जात नाही.

या वळ्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडत असते, आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटते. गंधपटलावर ओलसर श्लेष्माचा थर असतो. पाण्यात सहज विरघळणारे रेणू या थरात लगेच शोषले जातात, म्हणून ते कप्प्याच्या सुरुवातीलाच अडकतात. जे सहजी विरघळत नाहीत ते हवेबरोबर खोलवर जाऊन अधिक मोठ्या पृष्ठभागावर पसरतात. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे ग्राही अधिक प्रमाणात असतील, तर कोणता रेणू कुठे आणि कधी टेकला यावरूनच त्याच्या ओळखीचे निम्मे काम होऊन जाते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिश्रणातील घटक वेगळे करण्यासाठी वर्णलेखन पद्धत वापरतात, तिचेच तत्त्व इथे काम करत असावे असे अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय प्रतिकृतींवरून मांडले आहे. वास आत येतो तो शेकडो रेणूंचे मिश्रण म्हणून, आणि मेंदूकडे जातो तो जागा आणि वेळ यांच्यात विभागलेला आराखडा होऊन.

आता आजाराकडे वळू. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा एकदम उतरली, तर घाम, थरथर, गोंधळलेपण आणि शेवटी शुद्ध हरपणे असा क्रम असतो. केंब्रिजमधील 2016 च्या एका छोट्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या आठ स्त्रियांची शर्करा नियंत्रित रीतीने उतरवली असता, त्यांच्या उच्छ्वासातील आयसोप्रीन या वायूचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. कुत्रे नेमके हेच संयुग ओळखतात असे त्यातून सिद्ध होत नाही, पण हुंगण्याजोगा बदल घडतो एवढे निश्चित होते. फ्रान्समधील रेन विद्यापीठातील संशोधकांच्या 2019 मधील अभ्यासात पाच प्रशिक्षित कुत्र्यांना अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्याच्या वेळचे आणि त्याच रुग्णांचे एरवीचे श्वास व घामाचे नमुने देण्यात आले. तीन कुत्र्यांनी झटक्याचा प्रत्येक नमुना ओळखला, उरलेल्या दोघांनी दोन तृतीयांश. हा वास झटक्याच्या वेळचा होता. झटका येण्याआधीच कुत्र्याला कळते, हा दावा याहून वेगळा आहे आणि त्याला इतका भक्कम आधार अद्याप मिळालेला नाही.

‘आजार ओळखणारे कुत्रे’ म्हणून मोठ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या प्राण्यांबाबत म्हणूनच सावध राहिले पाहिजे. काटेकोर निवड आणि प्रशिक्षण झालेल्या 27 कुत्र्यांच्या 2019 मधील ब्रिटिश अभ्यासात शर्करा मर्यादेबाहेर गेल्याचे 4,000 हून अधिक प्रसंग तपासले गेले आणि साधारण कुत्रा शर्करा उतरल्याच्या प्रसंगांपैकी 83 टक्के ओळखत असल्याचे दिसले. याउलट 2017 मध्ये कुत्र्यांच्या इशाऱ्यांची तुलना शरीरावर सतत लावलेल्या शर्करामापकाशी केली, तेव्हा शर्करा उतरल्याचे सुमारे एक तृतीयांश प्रसंगच त्यांनी टिपले, आणि त्यांचे बहुतेक इशारे खोटे ठरले. शर्करामापक बाजूला ठेवून केवळ कुत्र्यावर विसंबणे हा जिवाशी खेळ आहे.

कुत्र्याकुत्र्यांच्या अचूकपणातला हा फरक बराचसा मालकाच्या हातून घडतो. कुत्रा पंजा लावतो, एकटक बघतो, हात चाटतो. या प्रत्येक वेळी आधी बोटातून रक्ताचा थेंब काढून शर्करा मोजायची आणि ती खरोखर उतरलेली असेल तरच बक्षीस द्यायचे, हा प्रशिक्षणाचा कणा आहे. मालकाने कौतुकापोटी न मोजताच खाऊ दिला, तर पंजा लावला की खाऊ मिळतो एवढेच कुत्रा शिकतो, आणि मग शर्करा कितीही असली तरी पंजा लावत राहतो.