गिऱ्हाईक संपलं की माल?

नवीन ई-बुक रीडर आला की पहिल्या आठवड्यात उड्या पडतात, मग विक्री घसरते. लगेच ‘लोकांना आवडला नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. माल संपला तरी आकडे असेच पडतात आणि गिऱ्हाईक संपलं तरी असेच.

अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००७ला ॲमेझॉनचा ई-बुक रीडर किंडल आला, किंमत ३९९ डॉलर. साडेपाच तासांत साठा खलास! साठा पूर्ववत व्हायला एप्रिल २००८ची अखेर उजाडली. मागणी भरपूर होती, पण ऐन नाताळात द्यायला नग नव्हते.

जपानमध्ये एप्रिल २००४ला आलेल्या सोनी लिब्रिएची गोष्ट अगदी उलटी. ई-इंकचा पडदा असलेला बाजारातला हा पहिला रीडर. सहा इंची पडदा, कागदावर छापल्यासारखी अक्षरं, चार ट्रिपल-ए सेलवर चालायचा. यंत्र खरोखर सुरेख होतं. पण त्याच्यासाठी घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी उघडायचंच नाही. यंत्राला सुमारे ४०,००० येन मोजायचे आणि पुस्तकं मात्र भाड्याची! शिवाय ती संगणकावरून यंत्रात भरायची. किंडलवर मोबाइल नेटवर्कवरून थेट उतरायची. वाचणाऱ्याला पुस्तक आपलं हवं असतं, ते पुन्हा काढून वाचायचं असतं. तिथेच लिब्रिए अडला. जास्त माल पाठवून हे दुखणं बरं होणारं नव्हतं.

फरक ओळखायचा तर विक्रीशेजारी शिल्लक मांडा. समजा, दोन दुकानांत हजार-हजार नग आले. एकात पहिल्या आठवड्यात हजारही गेले, पुढचे तीन आठवडे शून्य, शिल्लकही शून्य. दुसऱ्यात ३००, १२०, ६०, ४० असे गेले आणि ४८० पडून आहेत. पहिल्याला माल हवा. दुसऱ्याच्या बाबतीत किंमत, पुस्तकांची निवड आणि अटी तपासायला हव्यात. कारखान्यातून दुकानात गेलेले नग मात्र ‘विकले’ म्हणून धरू नका. पहिल्या महिन्यात फळ्या भरतात, दुसऱ्यात नवी ऑर्डर येत नाही, आणि वाचकांनी पाठ फिरवल्याचा भास होतो.

पडून राहिलेल्या त्या ४८० नगांमागेही थांबलेलं गिऱ्हाईक असू शकतं. जून २०१०मध्ये बार्न्स अँड नोबलचा रीडर नूक १९९ डॉलरवर उतरला, तेव्हा २५९चा किंडल त्याच दिवशी १८९ला मिळू लागला. भाव उतरायची वाट बघणारे अशा वेळी दुकानात येतात. एकदा रीडर घेतलेला माणूस मात्र वर्षानुवर्षं दुसरा घेत नाही. तो टिकला की गेला, हे त्याने दर महिन्याला किती पुस्तकं घेतली त्यावरून कळतं.