आमच्याकडे वह्या का नाहीत?

पालकांसाठी

आमच्या बालवाडीत दर जूनमध्ये दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोणीतरी विचारतंच, "ताई, लिहायला कधी घेणार?" शेजारच्या मुलीला एबीसीडी पाठ झालेली असते आणि आपला बाब्या घरी येऊन सांगतो, आज चिखल केला. पैसे भरून मुलाला चिखल करायला का पाठवायचं, हा प्रश्न रास्त आहे. एरवी दारात उभ्या उभ्या अर्धंच उत्तर देणं होतं, म्हणून हे पत्रक.

आधी हाताचं बोलू. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली आठही छोटी हाडं अजून मऊ कूर्चेचीच असतात. ती एकेक करून टणक होतात आणि शेवटच्या हाडाची पाळी यायला नऊ-दहा वर्षं सहज लागतात. बोटांचे लहान स्नायूही खांद्या-कोपराच्या मागून तयार होतात. अशा हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, दाबून टोक मोडतं, आणि पाच मिनिटांत "हात दुखतो" म्हणतं. ते आळशी नसतं, हात खरोखरच दुखतो. आमच्याकडे तेच हात कणीक मळतात, ओलं फडकं पिळतात, मटारच्या शेंगा सोलतात, वाल नि चवळी निवडून वेगवेगळ्या वाट्यांत टाकतात. चवळीचा दाणा उचलताना अंगठा आणि पहिली दोन बोटं जशी जुळतात, तशीच पुढे पेन्सिलीवर जुळायची असतात. लिहायला आम्ही इथूनच घेतो, फक्त ते वहीत दिसत नाही.

(निवडण्यावरून आमची एक चूकही सांगून टाकतो. मागे एका लहानग्याने चिंचोका नाकात घातला आणि डॉक्टरांकडे पळावं लागलं. तेव्हापासून तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बिया देत नाही. त्यांना डब्यांची मोठी झाकणं आणि करवंट्या. मोठ्यांच्या बियाही ताई शेजारी बसलेली असतानाच बाहेर निघतात.)

आता भातुकली. परवा बोळकी मांडली होती. एक मुलगा पाव्हणा झाला. पाव्हण्याला चहा हवा, पण दूध संपलेलं. घरमालकीण, वय वर्षं चार, म्हणाली, "तू जाऊन आण." तो म्हणाला, "मी पाव्हणा आहे. पाव्हणे दूध आणत नाहीत." थोडं भांडण झालं. मग तिनेच तोड काढली, "आमच्याकडे कोराच चहा करतात." पाव्हण्याने मान डोलावून रिकामी वाटी फुर्र करून प्यायली.

आम्ही मध्ये पडलो नाही. या दहा मिनिटांत किती काय झालं बघा. समोर नसलेलं दूध दोघांनी मनात धरलं. कारण देऊन वाद घातला, मारामारी न करता मिटवला. आणि त्या मुलाला, जो एरवी दोन मिनिटं एका जागी टिकत नाही, पाव्हणा म्हणून मांडी घालून बसून राहावं लागलं, कारण पाव्हणा पळत सुटला तर खेळच मोडतो. मनाला आवर घालणं मुलं या वयात अशी शिकतात. "शांत बस" म्हणून ते येत नाही, आम्ही म्हणून पाहिलं आहे.

आकड्यांचंही तसंच. एक ते वीस घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "पाच जणांना पाच चमचे आण" सांगा. बरीच मुलं मूठभर आणतात. प्रत्येकासमोर एकेक चमचा ठेवताना संख्या कळते, म्हणताना फक्त पाठ होते. पाण्याची गंमत तर घरीही करता येईल: दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या आणि एका पेल्यातलं उंच, अरुंद बाटलीत ओता. चार वर्षांचं मूल ठामपणे सांगेल, बाटलीत जास्त आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हेच दाखवून दिलं होतं. चूक दुरुस्त करायची घाई नको, ओतू दे पुन्हा पुन्हा.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही, परदेशातूनही उचललेलं नाही. आपल्याच किनाऱ्यावर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, 'अंगणवाडी' शब्द तिथला. आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून शिकण्याचा आहे.

"पण पहिलीच्या प्रवेशाला काही विचारलं तर?" ही भीती खरी आहे, आम्ही ऐकतो. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. बाकी अक्षरांशी आमचं वैर नाही. पाच वर्षांचं मूल स्वतःहून विचारतं, "माझं नाव कसं काढायचं?" तेव्हा आम्ही लगेच दाखवतो, आधी वाळूत, मग पाटीवर. जे विचारत नाही त्याच्यामागे लागत नाही. स्नेहसंमेलनात पाठांतर म्हणून दाखवणं होणार नाही, ते हवं असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं.

थोडं कामाचं. वेळ सकाळी 9 ते 12. बारा मुलांमागे एक ताई आणि एक मावशी. कपडे जुनेच घाला, जांभ्याच्या मातीचा डाग जात नाही. पिशवीत एक सुटा जोड, पावसाळ्यात दोन. डब्यात मुलाला स्वतःच्या हाताने खाता येईल असं काहीही, भरवायला कोणी नसेल. "आज काय शिकलास?" असं विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर येईल. त्याऐवजी "आज कोण पाव्हणा झालं होतं?" असं विचारून बघा.

आणि खिशात चिंचोके सापडले तर दुसऱ्या दिवशी परत पाठवा. मोठ्या गटाने ते मोजून ठेवलेले असतात, आणि एक कमी भरला तरी सकाळभर शोध चालतो.