‘टीव्हीवर सांगितलं’ म्हणजे कोणत्या टीव्हीवर?

२३ सप्टेंबर २०२३ च्या सकाळी मला टीव्हीवरची बातमी दोघींकडून कळली. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, टीव्हीवर दाखवून राहिले, डागा लेआउटमध्ये गाड्या तरंगून राहिल्या!" पाच मिनिटांनी नरखेड तालुक्यातून मावशीचा फोन. "टीव्हीवर सांगितलं, नागपूर जिल्ह्यात मोठा पाऊस. तुम्ही बरे आहात ना?"

काकूंचा टीव्ही म्हणजे केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल. मावशीचा टीव्ही म्हणजे घरावरच्या छत्रीतून येणारं दूरदर्शन. शब्द एकच, पण एकीला गल्ली दिसत होती आणि दुसरीला जिल्हा. मावशीला डागा लेआउट कुठे आहे हे माहीत नव्हतं. काकूंना जिल्ह्यात इतर ठिकाणी काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आपण मात्र दोन्हीला सर्रास ‘टीव्ही’ म्हणतो, आणि संकट आलं की एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा करतो.

गोंधळ होतो तो ‘लोकल’ आणि ‘सार्वजनिक’ या दोन शब्दांत. केबलवाल्याचं चॅनेल लोकल आहे, सार्वजनिक नाही. दूरदर्शन सार्वजनिक आहे, पण नागपूरकराच्या दृष्टीने ते पुरेसं लोकल नाही.

आधी केबलवाल्याकडे वळू, कारण त्याच्याशी आपलं नातं जुनं आणि घरगुती आहे. नव्वदच्या दशकात खांबावरून घरात वायर आली तेव्हा त्याच्याकडे एक व्हीसीआर असायचा. दुपारी एक सिनेमा, मध्ये साडीच्या दुकानाची जाहिरात, खाली "अमुक यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा" अशी पट्टी. त्याच पट्टीवर हळूहळू "उद्या या भागात नळ येणार नाही" हे दिसू लागलं, आणि मग कोणीतरी हातात माईक घेऊन चौकात उभा राहिला. आपल्या वॉर्डाची बातमी टीव्हीवर येऊ शकते हे शहराला कळलं ते असं. पुढे केबल डिजिटल झाली. ज्या शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती त्यांत नागपूरही होतं. सेट-टॉप बॉक्स आले आणि लोकल चॅनेलला शेकड्यांनी असलेल्या चॅनेलांच्या यादीत एक क्रमांक मिळाला. सरकारी भाषेत याला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. २०२२ च्या अखेरीस आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार केबल कंपनी आपल्या एकूण चॅनेल-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी स्वतःची चॅनेलं चालवू शकते, आणि स्थानिक बातम्या द्यायच्या तर तिला कंपनी म्हणून नोंदणी करावी लागते.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. ज्या केबल कंपनीचं चॅनेल, तिच्याच ग्राहकाला ते दिसतं. शेजारच्याने छत्री लावली असेल तर त्याच्याकडे ते नाही. पैसे भरले नाहीत तर नाही. आणि वायर खांबावरून आली असेल, तर झाड पडलं की नेमक्या त्याच गल्लीतलं चॅनेल बंद पडतं, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

आता दूरदर्शन. सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर माहीत नसलेला नागपूरकर विरळा; ऑटोवाल्याला पत्ता सांगताना आम्ही अजून "टीव्ही टॉवरच्या पुढे" असंच म्हणतो. तिथे दूरदर्शनचं नागपूर केंद्र आहे. पण त्या केंद्राची चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी नाही. इथे तयार होणारे कार्यक्रम जातात ते दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर, आणि सह्याद्री सगळ्या महाराष्ट्राची आहे. सिंधुदुर्गपासून गोंदियापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी बोलायचं असेल तर शंकरनगर चौकातल्या पाण्याला किती मिनिटं मिळणार, हा हिशेब करायला गणित लागत नाही.

मग ते ‘सार्वजनिक’ कशाने? मालकी सरकारी आहे म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. मालकीपेक्षा कायद्याने घातलेलं कर्तव्य महत्त्वाचं. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. लोकांना माहिती देणं, शिक्षित करणं आणि त्यांचं मनोरंजन करणं हे त्यात प्राथमिक कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. १९९५ च्या केबल कायद्याचं आठवं कलम याच्या जोडीला आहे: दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याने दाखवल्याच पाहिजेत. त्याला त्या आवडोत न आवडोत. शिवाय २००४ पासून दूरदर्शनची विनाशुल्क छत्री आहे, जी आज आपण फ्री डिश म्हणून ओळखतो. एकदा यंत्र घेतलं की महिन्याचं बिल नाही. मावशीच्या गावात घरोघरी हीच छत्री आहे. म्हणजे सार्वजनिक याचा एक साधा अर्थ असा, की बिल थकलं म्हणून इशारा थांबत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे दूरदर्शनचं माहितीपत्रक होईल. त्याच १९९० च्या कायद्यात केंद्र सरकारला प्रसारणाबाबत निर्देश देण्याचा अधिकारही आहे, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी. आणि पैसा बराचसा सरकारी तिजोरीतून येतो. ‘नाला साफ केला नव्हता, म्हणून पाणी घरात शिरलं’ हे वाक्य कोणत्या चॅनेलवर आधी ऐकू येईल, हे मी तुमच्यावर सोडते. ते वाक्य केबलवाल्याचा पोरगा माईक घेऊन बिनधास्त बोलतो. अर्थात त्याच नाल्यावर बांधकाम करणारा त्याचा जाहिरातदार नसेल तर.

या दोघांतला फरक सगळ्यात उघड दिसतो तो पावसात, आणि त्यासाठी इशारा कुठून निघतो ते पाहावं लागतं. सोनेगावला, विमानतळाजवळ, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. विदर्भच नाही तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच्या अखत्यारीत येतात. त्यांचा रंगांचा इशारा जिल्ह्यानिहाय असतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. अचानक ढग चढले तर पुढच्या दोन-तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही येतो, पण तोही बहुधा जिल्ह्याच्या किंवा शहराच्या नावाने. आता नागपूर जिल्हा म्हणजे नरखेडपासून भिवापूरपर्यंत. त्या एका रंगात मोवाडही आलं. त्या गावाने ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गमावली. त्याच रंगात अंबाझरी तलावाखालची कॉलनीही आली. रंग खरा असतो, पण तुमच्या फाटकापर्यंत पाणी येईल का हे तो सांगत नाही. दूरदर्शन हा रंग जसाच्या तसा पोचवतं, आणि ते त्याचं काम आहे. अधिकृत इशाऱ्यात स्वतःचं मीठमसाला न घालणं हीसुद्धा एक सेवाच आहे, भले ती कंटाळवाणी वाटो.

आणि २०२३ च्या त्या रात्री झालं काय? मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी भरून वाहू लागला, नाग नदीने काठ सोडले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या बुडाल्या. एनडीआरएफ आणि लष्कराला बोलवावं लागलं. सगळं पहाटेच्या अंधारात. त्या वेळी कोणतंही चॅनेल कोणी पाहत नसतं, आणि झोपलेल्याला टीव्ही उठवत नाही. लोकल असो की सार्वजनिक, इथे दोघांची हद्द संपते. हे काम मोबाईलवर भोंग्यासारख्या वाजणाऱ्या इशाऱ्याचं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याची चाचणी झाली होती, आणि आपण सगळ्यांनी तो वाजल्यावर "हे काय नवीन" म्हणून बंद केला होता.

टीव्हीचं काम सुरू होतं उजाडल्यावर. कोणता पूल बंद, कोणत्या शाळेत राहायची सोय, पाणी उकळून प्यायचं की टँकर येतोय, पंचनाम्याला तलाठी कधी येणार. यातलं पहिलं आणि शेवटचं लोकल चॅनेल चांगलं सांगतं, कारण त्याचा माणूस तिथे चिखलात उभा असतो. मदतीचे नियम काय आणि अर्ज कुठे करायचा, हे मात्र शांतपणे, दहा वेळा, सगळ्या जिल्ह्याला सांगायला सार्वजनिक वाहिनी हवी. पूर ओसरला की केबलचा माईक पुढच्या बातमीकडे जातो. नुकसानभरपाईचा कागद तर त्यानंतरच सुरू होतो.

पावसापेक्षा नाजूक परीक्षा १७ मार्च २०२५ नंतर झाली. महाल भागात हिंसाचार झाला आणि अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती उठलीही तुकड्यातुकड्यांनी, नंदनवन आणि कपिलनगरची आधी, बाकीची नंतर. अशा दिवसांत माणसाला राज्याची बातमी नको असते. आपलं घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं आणि दूध आणायला किती वाजता निघता येईल, एवढंच हवं असतं. हे लोकल चॅनेलच सांगू शकतं. पण त्या दिवसांत अफवेलाही तीच गल्ली हवी असते. ‘आमच्या प्रतिनिधीने सांगितलं’ आणि ‘कोणीतरी फॉरवर्ड केलं’ यांच्यात अंतर किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून तेव्हा मी दोन्ही लावत होते: वेळ आणि रस्ता लोकलवर बघायचा, आणि मोठा दावा असला की तो दूरदर्शनवर किंवा आकाशवाणीच्या बातमीपत्रात येईपर्यंत कोणाला सांगायचा नाही. आमच्या घरच्या गटावर यामुळे मला ‘सरकारी’ म्हणून चिडवतात.

मागच्या एका पावसाळ्यात मला याचा स्वतःला फटका बसला. एका लोकल चॅनेलवर (नाव राहू द्या) आमच्या बाजूच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी दिसलं, म्हणून मी लेकीला क्लासमधून आणायला धावले. रस्ता कोरडा ठणठणीत. चित्रफीत २०२३ ची होती, कोपऱ्यात ना तारीख, ना ‘संग्रहित’ असा शब्द. फोन केला तर समोरचा म्हणाला, "ताई, पाऊस तर तसाच आहे ना!" आता याला काय म्हणायचं?

करोनाच्या काळात पारडं दुसरीकडे झुकलं होतं. शाळा बंद, आणि गल्लीत दाखवण्यासारखं काही नव्हतं. संकट घराघरांत सारखंच होतं. जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी रोज पाठ. आमच्याकडे कामाला येणाऱ्या वहिनींच्या घरी एकच साधा मोबाईल, तोही नवऱ्यासोबत कामावर जायचा. ऑनलाइन शाळा त्यांच्या मुलासाठी नव्हतीच. त्याची शाळा टीव्हीत भरायची, ठरलेल्या वेळी, वहीपेन घेऊन. यासाठी लागतो पैसा, तयारी आणि न कंटाळता तेच काम महिनोन्‌महिने करत राहण्याची जबाबदारी. जाहिरातीवर जगणाऱ्या चॅनेलकडून ही अपेक्षा करणं चूक आहे. त्या वेळी मी पहिल्यांदा दूरदर्शनला ‘जुनाट’ म्हणणं सोडलं.

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमलेली दिसत नाही. पुराच्या त्या सकाळी कर्णबधिर मुलांच्या एका शाळेतून सुमारे चाळीस मुलांना सुरक्षित जागी हलवण्यात आलं. त्या मुलांसाठी भोंगा निरुपयोगी, निवेदकाचा आवाजही निरुपयोगी. त्यांना हवी मोठ्या अक्षरातली पट्टी आणि पडद्याच्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेत सांगणारा माणूस. दिल्लीहून खुणांच्या भाषेतली बातमीपत्रं होतात. पण ‘शंकरनगरकडे येऊ नका’ हे खुणांच्या भाषेत सांगायला शंकरनगर माहीत असलेलाच माणूस लागेल. सेमिनरी हिल्सवर स्टुडिओ आहे, शहरात अशी शाळा आहे, अंतर काही मिनिटांचं. लोकल आणि सार्वजनिक हे दोन्ही शब्द एकाच चॅनेलला लागू व्हायचे असतील तर ते इथून, असं मला वाटतं.

राहिली वीज. पाणी शिरलं की महावितरण आधी लाईन बंद करतं, करायलाच हवी. मग काकूंचं केबल गेलं, मावशीची छत्री गेली. त्यानंतर उरतो सेलवर चालणारा रेडिओ. नागपूरची आकाशवाणी १९४८ पासून सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि विदर्भाच्या बातम्या तिथून मराठीत येतात. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, "रेडिओ कोणाकडे आहे आता?" मग दोन दिवसांनी स्वतःच वर आल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर सापडला होता. सेल टाकले, थोडी खरखर झाली आणि लागला. आता तो त्यांच्या फ्रीजवर असतो, टीव्हीच्या रिमोटशेजारी. जून लागला की सेल बदलायची आठवण मला करायची, हे त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे.