खाल्लं कोणी आणि मारलं कोणी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या काजूबागेत पोट फाडलेलं वासरू सापडलं, की गावात एकच निकाल लागतो: वाघाने मारलं. हा वाघ पट्टेरी की बिबटा, हे बोलण्यात वेगळं होत नाही. शिवाय पोट भटक्या कुत्र्यांनीही फाडलेलं असतं, किंवा आधीच मेलेल्या वासरावर रात्री रानडुकरं आलेली असतात. म्हणून पोटाकडे नंतर बघावं, आधी मान.

दातांची भोकं केसांत लपतात. पशुवैद्य हातमोजे घालून गळ्याखालचं कातडं सोलतात आणि आतली बाजू बघतात. चावा जिवंतपणी बसला असेल तर तिथे काळपट लाल रक्त साकळलेलं असतं, कारण हृदय चालू असताना फुटलेल्या शिरांतून रक्त मांसात झिरपतं. मेल्यावर दात लागले तर नुसतं भोक पडतं. मात्र नाकातोंडातून न गोठलेलं काळं रक्त येत असेल तर सुरी लावूच नये. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते, आणि माणसालाही होते.

गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं सापडली तर वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर मोजावं. साधारण चार सेंटिमीटर असेल तर बिबट्या, पाचाच्या पुढे गेलं तर पट्टेरी वाघ. कातडं ताणलं जातं, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरची चूक धरावीच. वाघ बहुतेकदा मागच्या मांड्यांपासून खायला लागतो, बिबट्या पोट-छातीकडून, पण एवढ्यावर निकाल देऊ नये.

कुत्र्यांचं काम गबाळं. कान, शेपटी, मागचे पाय, कुशी, जिथे तोंड पोचेल तिथे चावे. दोन-चार बकऱ्या मारलेल्या आणि खाल्लेलं फारसं नाही. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, तसेच मागून लचके तोडतात, पण ते कळपाने येऊन बघताबघता मांस संपवतात.

ठसा सापडला तर नखं बघावीत. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात, कुत्र्याची उमटतात. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा ठसा सात ते नऊ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम चार बोटं. नर वाघाचा बारा-चौदा. जांभ्या दगडाच्या सड्यावर काहीच उमटत नाही, पाणंदीतल्या चिखलात शोधावं. चिखलात पाय घसरला तर ठसा मोठा दिसतो आणि बिबट्याचा वाघ होतो. पावसाची एक सर आली की सगळंच पुसलं जातं, म्हणून मोजपट्टी शेजारी ठेवून सरळ वरून फोटो काढावा आणि ठशावर घमेलं पालथं घालावं.

पंचनाम्याआधी जनावर हलवू नये. पोट न भरलेला वाघ किंवा बिबट्या पुन्हा त्याच जागी येतो. गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधला तर तो स्वतःच ओळख देतो. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले ते याच सवयीमुळे: ज्या मढ्यावर परतायचं, त्यातच विष होतं.