धावत्या कुत्र्याचा फोटो हुकतो, तो शटरमुळे नव्हे

‘शटरस्पीड (शटर उघडून बंद होण्याचा वेग) वाढवा, की धावता कुत्रा स्पष्ट येतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. माळावर सुटलेला कारवान जातीचा शिकारी कुत्रा ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, पळतोय असं धरू. १/२००० सेकंदात तो साडेसात मिलिमीटर सरकतो. आडवा पळताना कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला, तर धड लख्ख येतं, पंजे तेवढे किंचित पुसट. तरीही समोरून येणाऱ्या कुत्र्याचं शेपूट स्पष्ट आणि डोळे धूसर, असे फोटो निघतच राहतात. तिथे चुकतो तो फोकस.

२०० मिलिमीटरची लेन्स घ्या आणि शाळेतलं भिंगाचं सूत्र लावा. अनंतावरचा फोकस २० मीटरवर आणायला भिंग सुमारे २ मिलिमीटर पुढे सरकावं लागतं, १० मीटरसाठी ४, ५ मीटरसाठी ८हून थोडं जास्त. सरकण्याचा वेग मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो: २० मीटरवर सेकंदाला दीड मिलिमीटर, १०वर ६, ५वर २४. कुत्रा त्याच वेगाने येतोय, पण २० मीटरवरून ५वर यायला त्याला लागणाऱ्या त्या एका सेकंदात भिंगाला आपला वेग सोळापट करावा लागतो! आधुनिक लेन्समध्ये आतला एखादा लहान गटच सरकतो, त्यामुळे आकडे बदलतात, अडचण तीच राहते. शिवाय कॅमेरा आधीच्या मोजमापांवरून कुत्र्याची पुढची जागा ताडत असतो. १/२० सेकंदाची चूक झाली, तर कुत्रा पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. एफ/२.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच मोठं उघडलं असता, १० मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा, असते जेमतेम ४० सेंटीमीटर.

‘एआय प्राण्याचा डोळा ओळखतो’ ही जाहिरात खोटी नाही. पण डोळा कुठे आहे हे कळणं वेगळं आणि भिंग तिथे वेळेत पोहोचणं वेगळं.

म्हणून कुत्र्याला ४०-५० मीटरवरून सोडा, जमिनीलगत आडवे व्हा, कंटिन्युअस फोकस (हलत्या कुत्र्यावर सतत फोकस जुळवत राहणारी सोय) आधीपासून चालू ठेवा आणि २५ ते १० मीटरच्या पट्ट्यातच फोटो घ्या. एफ/४, शटर १/२०००, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवायची). कुत्रा थेट अंगावर न येता तुमच्याकडच्या सरळ रेषेशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या तिरक्या वाटेने आला, तर त्याचा तुमच्याकडे येण्याचा वेग निम्मा होतो. जमीन मऊ हवी, वेळ सकाळची, आणि दोन-तीन धावांनंतर पाणी व विश्रांती. नजर लागू नये म्हणून पायात बांधलेला काळा दोरा आधी सोडा. नजरेचं त्याने काही होत नाही, पळताना पाय मात्र घासला जातो.

क्षण कोणता पकडायचा? घोडा भरधाव पळताना एका ढांगेत एकदाच पूर्ण हवेत असतो, पाय पोटाखाली गोळा करून; १८७८मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजच्या छायाचित्रांनी हे दाखवलं. जुन्या चित्रांतले पुढे-मागे पाय ताणून उडणारे घोडे चुकीचे ठरले. कारवान, ग्रेहाउंड यांच्यासारखे सडपातळ कुत्रे मात्र खरोखर तसे उडतात: एकदा पाय ताणून, एकदा गोळा करून. सेकंदात तीनेक ढांगा पडतात, म्हणजे सेकंदाला १० फ्रेम (फोटो) घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका ढांगेचे तीनच फोटो मिळतात. ताणलेली झेप हवी असेल, तर २० फ्रेमवर जा. तेव्हा इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्याविना, सेन्सरवरची प्रतिमा ओळीओळीने वाचणारं) हळू वाचणारं असेल, तर कॅमेरा फिरवताना मागचे खांब तिरके येतील. अशा वेळी पडदा हलणारं मेकॅनिकल शटरच बरं.